भंडारा-गोंदिया खरंच 'स्विंग' आहे का?

परवा एका ज्युनिअरने संशोधनाचा आराखडा वाचायला दिला. पहिलंच वाक्य होतं: अमेरिकेत स्विंग स्टेट्स निकाल ठरवतात, तसा आपल्याकडे भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघ. ऐकायला भारी वाटतं, पण यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यात.

पहिली, बाजू बदलणं. ते आपल्याकडे होतं. २००९ ला राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल, २०१४ ला भाजपचे नाना पटोले, २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे, २०१९ ला भाजपचे सुनील मेंढे, २०२४ ला काँग्रेसचे प्रशांत पडोळे.

दुसरी, चुरस. २०१९ ला बाजू बदलली, पण मताधिक्य जवळपास दोन लाखांचं. उलट २०२४ च्या विधानसभेत याच मतदारसंघातल्या साकोलीत पटोले फक्त २०८ मतांनी जिंकले. चुरस होती, बाजू मात्र बदलली नाही. म्हणजे या दोन गोष्टी एक नाहीत.

तिसरी, निर्णायक असणं. २०१४ ला भाजपला २८२ जागा मिळाल्या, बहुमताला २७२ पुरे. आपली जागा गेली असती तरी सरकार तेच आलं असतं.

आता अमेरिका बघा. २००० मध्ये बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले, म्हणून 'फ्लोरिडाने ठरवलं' म्हणतात. पण बुश यांची एकूण इलेक्टोरल मतं होती २७१, लागत होती २७०. चार मतांचं छोटं न्यू हॅम्पशायर गेलं असतं तरी ते २७० च्या खाली आले असते. आपल्याकडे धानाचा कट्टा भरताना काटा शेवटच्या मुठीला चाळीसवर येतो. म्हणून चाळीस किलो त्या मुठीचे होत नाहीत.

मग स्विंग स्टेट्सना महत्त्व का? बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला राज्याची सगळी इलेक्टोरल मतं मिळतात, या नियमामुळे. २०१६ ला क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख मतं जास्त होती, तरी त्या हरल्या. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून फरक ८० हजारांच्याही आत होता. नियम असा असल्यावर प्रचार अशाच राज्यांकडे धावतो आणि बाकीच्या राज्यांतला मतदार दुर्लक्षित राहतो. आराखड्याचा खरा प्रश्न इथे आहे.

तेव्हा मित्रांनो, 'ठरवतात' लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हे राज्य किंवा ही जागा उलटी गेली असती तर निकाल बदलला असता का? आणि तसं आणखी कुणाबद्दल म्हणता येईल? ज्युनिअरचा विषय चांगलाच आहे. फक्त पहिलं वाक्य खोडायला सांगितलं.