घूर्णनगतीचे प्राथमिक विवेचन : थळ घाटाच्या निकषावर

पदार्थविज्ञानाच्या प्रवेशग्रंथांत घूर्णनगतीचे प्रकरण बहुधा एका कोष्टकाने सुरू होते किंवा कोष्टकाने संपते. डाव्या स्तंभात वस्तुमान, वेग, बल, संवेग. उजव्या स्तंभात त्यांचे प्रतिरूप म्हणून जडत्व-आघूर्ण, कोनीय वेग, बलाचे आघूर्ण, कोनीय संवेग. रेषीय गतीची सूत्रे ज्यास अवगत आहेत त्याने केवळ अक्षरे बदलावी, की घूर्णनाचे शास्त्र त्यास हस्तगत झाले, असा या मांडणीचा ध्वनी असतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०२० च्या बारावीच्या पुस्तकात घूर्णनगतिकी हे पहिलेच प्रकरण आहे; कार्य, ऊर्जा व टक्कर हे विषय अकरावीत होऊन गेलेले असतात. त्यामुळे जुन्या विषयाशी नव्याचा सांधा जोडण्याचे काम पुष्कळदा या सादृश्यावरच पडते. ते काम सादृश्याला कितपत पेलते, हे पाहण्यास इगतपुरीच्या पायथ्याचा लोहमार्ग हे फार चांगले साधन आहे.

सादृश्याच्या बाजूने जे म्हणावयाचे ते प्रथम म्हटले पाहिजे. स्थिर अक्षाभोवती फिरणाऱ्या दृढ पदार्थापुरते ते निर्दोष आहे, आणि स्मरणास ते मोठे साहाय्य करते. ऑयलरने १७६५ मध्ये दृढ पदार्थांच्या गतीवरील आपल्या ग्रंथात जडत्व-आघूर्णाची कल्पना रूढ केली, तीही रेषीय गतीतील जडत्वाशी असलेले नाते मनात धरूनच. दोष सादृश्यात नाही. फिरणारी वस्तू जेथे पुढेही सरकते, म्हणजे जेथे चाक रुळावर गडगडते, तेथेही तेवढ्यानेच भागेल असे मानण्यात आहे.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा चढ १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुला झाला. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याच्या आखणीप्रमाणे त्याची लांबी ९ मैल २६ साखळ्या, म्हणजे सुमारे १५ किलोमीटर, आणि एकूण चढ ९७२ फूट, म्हणजे सुमारे २९६ मीटर. सर्वांत कठीण उतार ३७ स एक असा आहे. इगतपुरीहून १,००० टनांची गाडी कसाऱ्यास उतरते तेव्हा तिची स्थितिज ऊर्जा सुमारे २९० कोटी ज्यूलने, म्हणजे विजेच्या भाषेत सुमारे ८०० युनिटांनी, कमी होते. कोणताही रोध नसता आणि चाके फिरतच नसती, तर ती गाडी पायथ्याशी ताशी सुमारे २७४ किलोमीटर वेगाने पोचली असती. चाके व मोटरींचे फिरते भाग यांच्यामुळे गाडीचे जडत्व आठ टक्क्यांनी वाढते असे धरले, तर हा आकडा सुमारे २६४ वर येतो. उरलेली ऊर्जा फिरण्यात गुंतलेली असते.

हे आठ टक्के म्हणजे काही स्थिरांक नव्हे. समजा, एका वाघिणीच्या चार चाकजोड्या प्रत्येकी १.२ टनांच्या आहेत आणि त्यांच्या घूर्णनाचा परिणाम त्यांच्या निम्म्या वस्तुमानाइतका आहे. रिकाम्या २३ टनी वाघिणीत ही भर दहा टक्क्यांची होते. ८१ टनी भरलेल्या वाघिणीत ती तीन टक्क्यांवर येते. इंजिनात तर मोटरचा फिरता भाग दंतचक्रांमुळे चाकापेक्षा कितीतरी वेगाने फिरतो. हे गुणोत्तर चार असेल तर त्याच्या जडत्वाचा परिणाम सोळापट होतो. वस्तुमान हा पदार्थाचा गुण आहे. जडत्व-आघूर्ण मात्र अक्षावर, वस्तुमानाच्या वाटणीवर आणि जोडणीवर अवलंबून असते. कोष्टकातील समोरासमोरच्या दोन घरांत हा भेद दिसत नाही.

याहून गंभीर उणीव घर्षणाच्या विवेचनात आहे. प्रवेशग्रंथांतील गोल उतरणीवरून गडगडतो आणि ‘घर्षणामुळे ऊर्जेचा नाश होत नाही’ असे एका ओळीत सांगितले जाते. पण घर्षण नसेल तर गोल गडगडणारच नाही, नुसता घसरेल. घर्षण हवेही, आणि त्याने ऊर्जा घेऊही नये, हे विद्यार्थ्यास कोडे वाटल्यास नवल नाही. गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथातील खोबणीतून गडगडणाऱ्या कांस्याच्या गोळ्याचा प्रयोग सर्वत्र सांगितला जातो. परंतु सपाट उतरणीवर गडगडणाऱ्या भरीव गोळ्याचे त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या पाच-सप्तमांशच असते, आणि खोबणीत ते त्याहूनही कमी होते, हे क्वचितच जोडीने सांगितले जाते. अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हा गॅलिलिओचा निष्कर्ष त्यामुळे बाधित होत नाही. पण त्या आकड्यांवरून गुरुत्वत्वरण काढू पाहणारा फसेल.

घाट उतरणाऱ्या गाडीत हे कोडे अधिक स्पष्ट रूपाने उभे राहते, आणि सुटतेही. गाडी ताशी ३० किलोमीटर या स्थिर वेगाने उतरत आहे असे समजू. तिची गतिज ऊर्जा वाढत नाही. ३७ स एक अशा उतारावर दर सेकंदाला सुमारे २२ लाख ज्यूल कोठेतरी गेले पाहिजेत. तिचा संवेगही वाढत नाही. म्हणून उताराच्या दिशेने ओढणाऱ्या गुरुत्वाच्या घटकास तोडीस तोड असे बल मागे खेचत असले पाहिजे. हवेचा किरकोळ रोध सोडला तर ते बल केवळ रूळच देऊ शकतात. ब्रेकचे ठोकळे गाडीचेच घटक असल्यामुळे ते गाडीला बाहेरून मागे खेचू शकत नाहीत. आता, न घसरता गडगडणाऱ्या चाकाचा रुळास टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. म्हणून रुळाचे हे बल कार्य करीत नाही. संवेग थोपवितो रूळ. ऊर्जा घेतात ब्रेकचे ठोकळे, आणि ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. संवेगाचा हिशेब आणि ऊर्जेचा हिशेब यांची उत्तरे दोन वेगळ्या ठिकाणी सापडतात.

घूर्णनाचे प्रयोजन येथेच आहे. रुळाचे घर्षण चाकाला अधिक वेगाने फिरवू पाहते, ब्रेकचे आघूर्ण त्यास अडविते. दोन्ही समतोल असल्याने चाकाचा कोनीय संवेग बदलत नाही. पावसाळ्यात इगतपुरीच्या परिसरात रूळ ओले व निसरडे होतात. रुळाकडून मिळू शकणारे घर्षण अपुरे पडले की ब्रेकचे आघूर्ण वरचढ होते, चाक अडकते व घसरू लागते. मग गडगडण्याचे समीकरण कोसळते आणि उष्णता ठोकळ्यांऐवजी रुळाच्या स्पर्शबिंदूशी निर्माण होऊ लागते. इंजिनांवर वाळूची पेटी ठेवण्याचे कारण विद्यार्थ्यास या एका विचारातून कळू शकते.

ऊर्जेचे तिसरे ठिकाणही याच घाटात दाखविता येते. १९३० च्या सुमारास हा मार्ग १,५०० व्होल्टच्या एकदिश विद्युत्प्रवाहावर चालू लागला. १९२८ पासून आलेली, ‘खेकडा’ या नावाने ओळखली गेलेली मालगाडीची इंजिने उतारावर आपल्या मोटरी जनित्रांप्रमाणे चालवून वीज तारेत परत देऊ शकत. आता मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर असून आधुनिक इंजिनेही हेच करतात. येथे मोटरचे विरोधी आघूर्ण ठोकळ्यांची जागा घेते. संवेगाचा हिशेब तसूभरही बदलत नाही, कारण थोपविणारे बल पूर्वीप्रमाणे रुळाचेच राहते. ऊर्जा मात्र उष्णतेऐवजी विजेच्या रूपाने बाहेर पडते. संवेग आणि ऊर्जा या दोन स्वतंत्र अक्षय्य राशी आहेत, हे टकरीच्या ठराविक उदाहरणांपेक्षा येथे अधिक ठसते.

यावरून अध्यापनाच्या क्रमाविषयी एक सूचना निघते. सादृश्याचे कोष्टक प्रकरणाच्या आरंभी न देता शेवटी द्यावे. आधी गडगडणाऱ्या चाकाचे बल, ऊर्जा व आघूर्ण असे तीन वेगळे हिशेब मांडावे आणि प्रत्येक बलाविषयी दोन प्रश्न विचारावे: ते संवेग बदलते काय, आणि ते कार्य करते काय? याला अध्यापनाचे दोन तास अधिक लागतील, आणि परीक्षेच्या ठराविक प्रश्नांस त्याचा तात्काळ उपयोग होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु कोष्टक पाठ असलेल्या विद्यार्थ्यास उताराची गाडी कोण थांबविते असे विचारले आणि त्याने ‘ब्रेक’ एवढेच उत्तर दिले, तर त्याचे संवेगाचे ज्ञान अपुरे राहिले असेच म्हणावे लागेल.