चित्रमालांतील वेताळ आणि चिखलदऱ्याचा कीचक

चित्रकथामालेच्या परीक्षणात कथानक व चित्रांकन यांचा विचार होतो. स्थलाचा क्वचितच होतो. वस्तुतः एकामागून एक निघणाऱ्या अंकांशी वाचकाला बांधून ठेवते ते पुष्कळदा स्थलच. 1964 साली सुरू होऊन 1990 मध्ये थांबलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाची कवटीच्या आकाराची गुहा याचे उत्तम उदाहरण होय. शत्रू बदलत, कथा संपत. गुहा तीच राही.

ली फॉक यांचा हा नायक 1936 मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत अवतरला. त्याच्या कल्पित देशाचे मूळ नाव बंगालची आठवण देई. भारतीय आवृत्तीत त्याचे देंकाली झाले. देश असा दूर सारला गेला, परंतु नायकाला नाव मिळाले ते मराठी वाचकाच्या वेशीवरचे. शेंदूर फासलेला वेताळाचा दगड ज्याने पाहिला आहे, त्याला हा मुखवटाधारी सर्वस्वी परका वाटेना. भुतांचा राजा आणि हा न्यायरक्षक यांच्यात साम्य फारसे नाही. तरी एका शब्दाने काम भागले.

कीचकाच्या वाट्याला नेमके उलट आले. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, तो कीचकदरा म्हणजेच चिखलदरा, आणि जवळचे वैराट ही विराटाची नगरी, अशी वऱ्हाडातील समजूत आहे. भीमाने हात धुतले तो भीमकुंडही तेथे दाखवतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्र मान्य करीलच असे नाही. व्यासांच्या कथेत दरीही नाही. परंतु कीचकाला जवळ आणण्याची मराठी परंपरा जुनी आहे. खाडिलकरांनी 1907 मध्ये ‘कीचकवधा’त त्याला कर्झनशाहीचा चेहरा दिला, आणि 1910 मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली.

अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेने 1985 पासून 42 अंकांत महाभारत सांगितले. दिलीप कदम यांच्या चित्रांनी सजलेली ही माला कथनाच्या सलगतेत निःसंशय सरस आहे. कीचकवधाचा प्रसंग मात्र कोणत्याही चित्रकाराची परीक्षा पाहणारा. व्यासांच्या नर्तनागारात अंधार आहे. शय्येवरील आकृतीला सैरंध्री समजूनच कीचक पुढे होतो. चौकट काळी ठेवून चालत नाही. उजळावी तर वाचकाला भीम आधीच दिसतो आणि भयाची जागा विनोद घेऊ पाहतो.

ही अडचण माध्यमाची म्हणता येईल. स्थललोप मात्र योजनेतूनच येतो. एकच चित्रे अनेक भाषांत वापरायची म्हटल्यावर प्रासाद व स्तंभ सर्व प्रांतांना चालतील असेच हवेत. भाषांतरकाराच्या हाती उरतात संवादांचे फुगे. फुग्यांत मराठी येते, मागच्या पटात गाविलगडचे पठार येत नाही. चिखलदऱ्याचा वाचक अंक मिटून कड्यावर जातो तेव्हा भीमाने कीचकाला कोठून लोटले ते त्याला बोटाने दाखवता येते. ती चौकट त्याच्या अंकात नसते.