तमाशाकला आणि शासकीय पुरस्कार : एक चिकित्सा

लोककलेला राजाश्रय मिळावा, ही मागणी जुनी आहे. परंतु तो आश्रय नेमका कोणापर्यंत पोहोचतो, हे तपासणे अगत्याचे ठरते. विठाबाई नारायणगावकर यांना 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. त्यांची अखेरची वर्षे मात्र आर्थिक विवंचनेत गेली. जानेवारी 2002 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 2006 मध्ये राज्य शासनाने त्यांच्याच नावे तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्या कलावतीला सन्मानाने सावरले नाही, तिचेच नाव सन्मानाला लाभावे, हे पुरेसे बोलके आहे.

जीवनगौरवाची कल्पना एकट्या कलावंताची. तमाशाचे एकक मात्र फड. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, मावशी, तंबू ठोकणारे, गाड्यांचे चालक यांच्यावाचून वग उभा राहत नाही. फडमालक उचल देऊन ही माणसे बांधून ठेवतो, त्यासाठी स्वतः कर्ज काढतो आणि जत्रांच्या सुपाऱ्यांवर ते फेडतो. 2020 व 2021 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे जत्रा भरल्या नाहीत, तेव्हा हे गणितच कोलमडले.

अर्थात पुरस्कार निरर्थक नाही. जातीमुळे आणि पेशामुळे उपेक्षा सोसलेल्या कलावतीला व्यासपीठावर मानाने बसविणे, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि कलेच्या प्रकृतीशी अधिक सुसंगत आहे ती फडांना भांडवली व प्रयोग अनुदान देण्याची योजना. तिला सोहळ्याचे तेज नाही, एवढेच. जीवनगौरवासोबत एखाद्या संपूर्ण फडाची निवड करून त्यास एका हंगामाच्या उचलीइतके साहाय्य देता येईल का, याचा विचार व्हावयास हवा.