जीवाणूंची ‘भाषा’ : एका रूपकाची मर्यादा

जीवाणू परस्परांशी ‘बोलतात’ आणि शरीरातील रोगप्रतिकारक पेशी ते बोलणे चोरून ‘ऐकतात’, अशी वर्णने जीवशास्त्रविषयक लेखनात सर्रास आढळतात. नवख्या वाचकाला विषयाकडे ओढण्याचे काम ही रूपके उत्तम करतात, हे मान्य केले पाहिजे. तथापि संसर्गकाळी प्रत्यक्ष जे घडते ते त्यांच्यामुळे उलगडते की झाकले जाते, हे तपासावयास हवे.

स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूच्या चयापचयातून निपजणारे पायोसायनिन हे निळे रंगद्रव्य घ्यावे. (‘पू’ आणि ‘निळा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले, जखमेच्या पट्ट्यांवरील निळ्या डागांची खूण त्यात अद्याप शिल्लक आहे.) जीवाणूंच्या वसाहतीत हे द्रव्य काही जनुकांचे कार्य नियंत्रित करते, असे २००६ साली दाखविण्यात आले. तेथे त्यास ‘संकेत’ म्हणणे रास्तच होय. परंतु हेच द्रव्य न्यूट्रोफिल पेशींपर्यंत पोहोचले की त्यांचा नियोजित मृत्यू लवकर ओढवतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीच उणावतात. पायोसायनिन ऑक्सिजनाची घातक क्रियाशील रूपे निर्माण करते. त्याची बाधा या रासायनिक गुणातून येते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हा सोस्यूरचा सिद्धान्त मानला तर या व्यापारास भाषा कसे म्हणावे? ही सरळसरळ विषबाधा आहे.

तिसरी गोष्ट याहून उद्बोधक आहे. पायोसायनिनसह फेनाझिन गटातील रंगद्रव्ये यजमानाच्या पेशींतील अॅरिल हायड्रोकार्बन ग्राही या प्रथिनाशी जोडली जातात, आणि पेशी त्या द्रव्यांच्या विघटनाची व प्रतिकाराची यंत्रणा चालू करतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. यालाच ‘चोरून ऐकणे’ म्हटले जाते. वस्तुतः हे धूमावरून वन्हीचे ज्ञान होण्यासारखे आहे. धूर कोणाला काही सांगावयास निघालेला नसतो. नैयायिकांनी अनुमान आणि शब्द ही प्रमाणे वेगळी मानली, ती याच जातीचा भेद ओळखून. वैशेषिकांनी शब्दाचा अंतर्भाव अनुमानात केला खरा. आजचे लेखक मात्र उलट वाटेने जाऊन अनुमानालाच शब्द ठरवितात.

१९९४ साली रूढ झालेली ‘क्वोरम सेन्सिंग’ ही संज्ञाही सभाशास्त्रातून उसनी घेतलेली आहे. सभेत गणपूर्ती मोजणारा कोणी असतो. येथे केवळ द्रव्याची तीव्रता वाढत जाते.

हा वाद निव्वळ शब्दांचा नाही. जीवाणूंचे संकेत तोडून संसर्ग आटोक्यात आणू पाहणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. ‘संभाषण बंद पाडले’ एवढेच म्हणून थांबणारा अभ्यासक एक प्रश्न विचारावयाचाच विसरेल : पायोसायनिन नाहीसे झाल्याने न्यूट्रोफिल वाचतील, परंतु ज्या खुणेवरून यजमानाची पेशी सावध होत होती तीही त्याबरोबर जाईल, त्याचे काय? हे दोन परिणाम स्वतंत्रपणे मोजावे लागतील.