कीचक नायक होतो तेव्हा

गेल्या गणपतीत माझी भाची चार दिवस राहायला आली होती. मुलगी सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी, वाचनाची गोडी उपजत. आरत्या आटोपल्या, मोदकांची ताटे उचलली गेली, की ही माजघराच्या कोपऱ्यात फोन घेऊन बसे आणि अंगठ्याने काहीतरी सरसर वर सरकवी. मी सहज डोकावले. चित्रकथा होती. रेखाटन असे देखणे की मी उठून चष्मा आणला. चष्मा लावून पाहिले, आणि खरे सांगायचे तर तो पुन्हा काढून ठेवावासा वाटला. दोन पुरुष होते. एक उमराव, दुसरा गरीब चित्रकार. त्यांच्यात जे चालले होते त्याला प्रेम म्हणायला माझी जीभ रेटेना.

"अगं मावशी, प्रेमकथाच आहे ही," भाची म्हणाली. "पुढे तो सुधारतो."

या "पुढे तो सुधारतो"ने माझा पिच्छा पुरवला. गेले वर्षभर मी भाचीकडून नावे मागून घेऊन या कोरियन कथा वाचते आहे. वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात तरुण मुलगी आणि फोन आहे, त्या घरात या कथाही असण्याचा संभव आहे, आणि "शी!" म्हणून झाल्यावरही, हे बायका का लिहितात आणि बायकाच का वाचतात, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या प्रकाराला "बॉईज लव्ह" म्हणतात. पुरुषांनी पुरुषांवर केलेल्या प्रेमाच्या या कथा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या मुख्यत्वे स्त्रियाच. मूळ जपानचे. हागिओ मोतो, ताकेमिया केइको अशा लेखिकांनी १९७०च्या दशकात मुलींच्या मासिकांतून हे दालन उघडले, आणि क्रौर्य तेव्हापासूनच त्यात आहे. कोरियात जपानी करमणुकीला १९९८पर्यंत अधिकृत दरवाजा बंद होता. तरी चोरून छापलेल्या प्रती हातोहात फिरत होत्या. पुढे कागद सुटला. २०१३मध्ये लेझिनसारखे दुकान निघाले आणि फोनवर, हप्त्याहप्त्याने, पैसे मोजून या कथा वाचल्या जाऊ लागल्या.

आता भाषाच पाहा. प्रेमी जोडीतल्या एकाला कोरियन वाचक "गोंग" म्हणतात, दुसऱ्याला "सू". ज्या चिनी अक्षरांवरून हे शब्द आले त्यांचे अर्थ "चढाई करणे" आणि "स्वीकारणे". प्रेमाच्या व्याकरणातच कर्ता हल्लेखोर आणि कर्म सोसणारे! नवी लेखिका पहिली चौकट काढायला बसते तेव्हा हे व्याकरण तिच्या आधीच तिथे येऊन बसलेले असते.

यावर विद्वानांची आणि वाचकांची उत्तरे ठरलेली आहेत, आणि ती टाकाऊ नाहीत. एक उत्तर असे की चित्रात स्त्रीचा देहच नाही, म्हणून स्त्रीला निर्धास्तपणे पाहता येते. भाचीने हेच आपल्या शब्दांत सांगितले. म्हणाली, "बसमध्ये कोणी हात लावला तर मला पान उलटता येत नाही. इथे येतं." या वाक्यावर मी बराच वेळ गप्प होते. माझ्या तरुणपणीच्या बसही मला आठवल्या. भय खेळण्याच्या आकाराचे करून हातात धरावे, फिरवून पाहावे, आणि नको झाले की बाजूला ठेवावे, ही गरज मला खोटी वाटत नाही.

दुसरे उत्तर लाजेचे आहे. जिथे वासनेची कबुली देणे हाच गुन्हा, तिथे "मी नव्हतोच तयार, त्याने भाग पाडले" ही पळवाट सोयीची ठरते. सुख मिळते आणि दोष लागत नाही. तिसरे उत्तर सगळ्यात जुने: त्याचा संयम सुटला म्हणजे त्याचे प्रेम अनावर आहे. अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने १९८४मध्ये स्वस्त प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींवर पुस्तक लिहिले. नायकाचा कठोरपणा म्हणजे झाकलेले प्रेमच, असा अर्थ लावायला त्या कादंबऱ्या शिकवतात, असे तिचे म्हणणे होते. पण त्याच गृहिणींना उघड बलात्काराच्या कादंबऱ्या मुळीच आवडत नसत, हेही तिने नोंदवले आहे. आपल्या चित्रपटांतला नायक सबंध मध्यंतरापर्यंत नायिकेची वाट अडवून गाणी म्हणत असे, तेव्हा आपणही टाळ्याच वाजवल्या. तेव्हा कोरियाकडे बोट दाखवताना जरा बेताने.

मात्र ही उत्तरे कोणत्याही देशाला लागू पडतील. कोरियाचे म्हणून जे आहे ते मला कायद्यात सापडले. तिथल्या दंडसंहितेत बलात्काराच्या प्रकरणाचे नावच १९९५पर्यंत "शीलाविरुद्धचे गुन्हे" अशा अर्थाचे होते. म्हणजे दुखावते ते शील, माणूस नव्हे! शिवाय पीडित स्त्रीच असली पाहिजे. जून २०१३मध्ये "स्त्री"च्या जागी "व्यक्ती" हा शब्द लागू झाला. तोवर पुरुषावर बलात्कार होऊ शकतो हे त्या कलमाला ठाऊकच नव्हते. ज्या गुन्ह्याला नाव नाही तो कथेत प्रणय म्हणून सहज खपतो. आजही तिथले न्यायालय मारहाण झाली का, धमकी दिली का, हे विचारते. नुसते "नको" पुरत नाही. जानेवारी २०२३मध्ये संमतीच्या व्याख्येचा फेरविचार करू, असे एका मंत्रालयाने जाहीर केले आणि त्याच दिवशी शब्द मागे घेतला. आपण हसण्याचे कारण नाही. जुलै २०२४पासून लागू झालेल्या आपल्या न्याय संहितेतही बलात्काराचे कलम पीडित म्हणून स्त्रीलाच ओळखते, आणि जुने ३७७ गेल्यावर प्रौढ पुरुषासाठी वेगळे कलम उरलेले नाही.

दुसरी कोरियन गोष्ट बाजाराची. तिथे वाचक कथा शोधतात त्या खुणेच्या शब्दांवरून. "झपाटलेला गोंग", "पश्चात्तापी गोंग" अशी लेबले, लोणच्याच्या बरण्यांना असावीत तशी. माणसाचा पार चुराडा करणाऱ्या कथांसाठीही वेगळे लेबल आहे. यातला पश्चात्तापी गोंग हा मला सगळ्याची किल्ली वाटतो. पश्चात्ताप विकायचा असेल तर आधी पाप हवे, आणि पश्चात्ताप शंभर हप्ते पुरवायचा असेल तर पापही तेवढेच दणदणीत हवे. प्रत्येक हप्ता अशा ठिकाणी तुटतो की पुढच्यासाठी पैसे टाकल्यावाचून राहवू नये. त्यात एकोणीस वर्षांखालील वाचकांना मज्जाव असलेल्या कप्प्यात कथा एकदा गेली की संयमाला काही मोल राहात नाही. गंमत अशी की त्या कप्प्यातही नग्नतेचा ठराविक भाग झाकून टाकतात. बळजबरी झाकावी असे मात्र कोणाला वाटत नाही.

म्हणजे माझा आक्षेप हिंसेच्या चित्रणाला आहे काय? नाही. महाभारत वाचून वाढलेल्या माणसाला तो घेताच येणार नाही. विराटाच्या घरी कीचक सैरंध्रीवर हात टाकतो. पण ती ते विसरत नाही, भीमही नाही आणि व्यासही नाहीत. या कथांत कीचकच नायक, आणि भीम यायचाच नाही. तेही एक वेळ चालेल. चालत नाही ते विसरणे. पाचव्या हप्त्यात ज्याचा देह ओरबाडला, तो पंधराव्या हप्त्यात त्याच माणसासाठी स्वयंपाक करतो, आणि मधल्या नऊ हप्त्यांत त्याला एकदाही वाईट स्वप्न पडत नाही. हा मला नीतीचा दोष वाटण्याआधी लेखनाचा दोष वाटतो. लेखिकेला आपल्याच पात्राची आठवण राहिलेली नाही.

उलट उदाहरणेही आहेत. हागिओ मोतोने १९९२पासून नऊ वर्षे सावत्र बापाच्या अत्याचारावर जी दीर्घ कथा रचली, तिच्यात बाप मेल्यानंतरच खरी कथा सुरू होते. जखम हाच विषय. कूगी या कोरियन चित्रकर्त्याची "किलिंग स्टॉकिंग" (२०१६ ते २०१९) वाचून माझी झोप उडाली. प्रेमाने वेडा झालेला तरुण एका घरात चोरून शिरतो आणि तळघरात जे पाहतो त्यानंतर त्याचेच पाय मोडले जातात. कित्येक वाचकांनी त्या दोघांना प्रेमी जोडी ठरवून मिरवले. पण कथा स्वतः तसे कुठे म्हणत नाही, आणि शेवटही गोड करीत नाही. आणि २०१८ची "सिमॅन्टिक एरर" ही कादंबरी! एक काटेकोर विद्यार्थी गटाच्या प्रकल्पातून आळशी सोबत्याचे नाव वगळतो, त्यापायी त्याची पदवी अडते, आणि भांडता भांडता दोघे प्रेमात पडतात. तिच्यावरून २०२२मध्ये मालिका निघाली आणि ती तुफान गाजली. तेव्हा बळजबरीवाचून हा प्रकार चालतच नाही, हे म्हणणे खरे नव्हे.

२०१८च्या सुमारास, तिथे स्त्रिया छळाविरुद्ध उघड बोलू लागल्या त्या दिवसांत, काही तरुण मुलींनी "आम्ही हे वाचणे सोडले" असे जाहीर केले होते. भाचीला मी ते सांगितले. ती म्हणाली, "मलाही कधी कधी वाटतं. पण मावशी, मला हे आवडतं म्हणजे मी वाईट का गं?"

मी "नाही" म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. पुढे विचारले, की त्या चित्रकाराच्या जागी राहून तू वाचतेस की उमरावाच्या? तिने विचार केला. "दोघांच्याही नाही. मी वरून बघते. तो कधी रडेल याची वाट बघते."

"कोण? चित्रकार?"

"छे गं. उमराव."

ती गेल्यावर मी त्या उमरावाची कथा पुन्हा उघडली. आता बऱ्याच पुढे आले आहे. तो अजून रडलेला नाही, आणि परवा रात्री पुढचा हप्ता उघडण्यासाठी मी माझ्या पेन्शनीतले पैसे टाकले.