आपला अभिप्राय मोलाचा आहे

आयुष्यात माझा अभिप्राय कोणी मागितलेला नाही. घरी आमच्या सौ. माझा होकार मागतात, तोही निर्णय झाल्यावर. बँकेत साहेब माझी सही मागतात. अभिप्राय म्हणून काही माझ्याजवळ असेल, अशी शंकाही कोणाला आलेली नव्हती. त्यामुळे परवा रात्री साडेअकराला मोबाईल वाजला आणि 'प्रिय ग्राहक, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' अशी अक्षरं दिसली, तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो. निरोप आमच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओचा होता. खाली पाच तारे काढले होते आणि योग्य वाटतील तेवढ्यांवर बोट ठेवावे, अशी विनंती होती.

"कुणाचं आलंय एवढ्या रात्री?" सौ.नी पांघरुणातून विचारलं.

"स्टुडिओचं. माझं मत हवंय त्यांना."

"यंत्र पाठवतंय ते. झोपा."

यंत्र असलं म्हणून काय झालं? मागितलं तर होतं! पण माझं मत पाच ताऱ्यांत मावेना. म्हणून ही समीक्षा. समीक्षेचा माझा अभ्यास नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बी.कॉम. आम्हाला समीक्षा नव्हती, ऑडिट होतं. पण दोन्हींत फारसा फरक नसावा. दुसऱ्यानं रात्रीचा दिवस करून केलेल्या कामात आपण खुर्चीत बसून चुका काढायच्या, एवढंच.

समीक्षेचा विषय आहे माझ्या पुतणीचं लग्न. म्हणजे लग्न नव्हे, लग्नाच्या निमित्तानं स्टुडिओच्या यंत्रानं आम्हाला धाडलेली संदेशमाला. एकूण तेवीस संदेश. मी मोजले आहेत. मोजणं हाच माझा धंदा.

आमचं जयसिंगपूर राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावानं वसवलं. आखीवरेखीव गाव, सरळ रस्ते, आणि गल्ल्यांना नंबर. पत्ता विचारला की आम्ही आकडा सांगतो. तेव्हा पहिल्या संदेशात 'आपला ग्राहक क्रमांक ४१७' असं आलं, त्याचं आम्हाला काहीच वाटलं नाही. ज्यांची गल्लीच नंबरात, त्यांनी आपल्याला नंबर दिला म्हणून रुसायचं कशाला?

हा स्टुडिओ दोन पिढ्यांचा. थोरले आता सत्तरीला आले. काउंटरवर पेपर वाचत बसतात. त्यांचा काळ रोलचा. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि प्रत्येक बटणाला पैसे पडायचे. त्यामुळे बटण दाबण्याआधी थोरले समोरची माणसं पारखून घेत. "ओ मामा, डोळं उघडा! वहिनी, पदर! त्या पोराचं नाक पुसा कुणीतरी!" एवढं झाल्यावर मग खट्.

हिशेबाला त्यांची एक लांब वही होती. त्या वहीचं ऑडिट कुणी केलं असतं तर तो ऑडिटर आज संन्यासी असता. वैशाखातल्या एकाच मुहूर्तावर थोरल्यांनी एकदा तीन लग्नं घेतली. तिन्ही मांडवांत ते दिसले. अक्षता पडताना मात्र एकाही मांडवात नव्हते. अल्बम मिळायचा तो नवरा-नवरीचं पोर बालवाडीत गेल्यावर. आणि बाकी मागायची तर थोरल्यांना लाज. निम्म्या शिरोळ तालुक्याकडं त्यांची येणी होती. समोरून देणेकरी आला की हेच दुसऱ्या गल्लीत वळत.

धाकटे पुण्याला शिकून आले आणि त्यांनी वही बंद केली. मला म्हणाले, "काका, आता मी फक्त फोटो काढणार. बाकीचं सगळं आपोआप."

हे वाक्य जुनं आहे. १८८८ साली अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमननं कोडॅक कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्याची जाहिरात हीच होती: तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो. पंचवीस डॉलरच्या त्या कॅमेऱ्यात शंभर फोटोंची फिल्म भरूनच मिळे. शंभर फोटो संपले की फिल्म नव्हे, अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. दहा डॉलर घेऊन ते फोटो छापून द्यायचे आणि नवी फिल्म घालून कॅमेरा परत. म्हणजे 'बाकीचं आपोआप' ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी. फरक इतकाच, की तेव्हा बाकीचं काम गिऱ्हाइकाच्या नजरेआड व्हायचं. आता ते फोटोग्राफरच्याही नजरेआड होतं.

आधी गुण सांगतो. ऑडिटमध्येही तशीच पद्धत आहे. चौकशी केली त्याच मिनिटाला दरपत्रक आलं. आगाऊ रक्कम भरताच पावती आली. तारीख एकदा नोंदली की त्या तारखेला दुसरं लग्न ते यंत्र घेतच नाही. लग्नाला सात दिवस राहिले तेव्हा 'हळद किती वाजता, वरात कुठून' असा तक्ता भरून मागितला. आमच्या घराण्यात लग्नाची वेळ लग्नाआधी ठरल्याची ही पहिलीच खेप.

बाकी मागण्यातही यंत्राला लाज नाही. सात दिवसांनी एक आठवण, चौदाव्या दिवशी दुसरी. इथं मात्र त्याला आमचा तालुका समजलेला नाही. कारखान्याला ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल मिळावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेशही सांगतो; आणि आमच्या गावात ऊस परिषद भरते! माझा भाऊ यंत्राला दर वेळी एकच उत्तर लिहायचा: 'उसाचं बिल आलं की देतो.' यंत्र उलट लिहायचं: 'आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद.' थोरल्यांनी हे उत्तर ऐकून, कुठल्या कारखान्याला ऊस घातलाय, एवढं विचारलं असतं आणि वहीत बरोबर महिना लिहिला असता.

आता भाषा. या वाङ्मयाची भाषा एकसुरी आहे. कारण साचा एकच, गिऱ्हाईक कुणीही असो. आमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी आपल्या खिलार बैलाचे फोटो काढून घेतले. यंदा त्याच तारखेला त्यांना संदेश आला: 'आपल्या जीवनसाथीसोबतच्या पहिल्या वर्षाबद्दल हार्दिक अभिनंदन!' शेजारी काही बोलले नाहीत. शेजारीणबाई मात्र म्हणाल्या, "बराबर लिवलंय की. माझ्यापेक्षा त्याच्याकडंच जास्ती असतात."

इथवर मी या कृतीला चार तारे देऊन मोकळा झालो असतो. पण सतरावा संदेश आला.

'आपले फोटो तयार आहेत. खालील दुव्यावर जाऊन आपला चेहरा दाखवा.' पाहुण्यांपैकी कुणीही मोबाईलसमोर तोंड धरायचं, की हजारो फोटोंतून त्याचेच तेवढे वेगळे काढून यंत्र हातात देतं. मी तोंड धरलं. दोनशे बारा फोटो आले. त्यातले साठ माझ्या साडूंचे होते.

"यंत्रालासुद्धा टक्कलच दिसतंय," सौ. म्हणाल्या.

त्याच दिवशी कुरुंदवाडची आमची आत्या नातवाला घेऊन आली होती. वय ब्याऐंशी. येताना वाडीची कवठाची बर्फी आणलेली. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा आत्याचं घर पाण्यात होतं. माणसं वाचली, म्हशी वाचल्या. भिंतीवरचे फोटो आणि पेटीतला अल्बम तेवढा गेला. पाणी उतरल्यावर अल्बमची पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. तेव्हापासून आत्याजवळ स्वतःचा म्हणून एकही फोटो नाही. आधार कार्डावरचा सोडून, आणि तो आपला नाहीच असं तिचं मत आहे. म्हणून लग्नात तिनं धाकट्यांना मुद्दाम सांगितलं होतं, "माझा एक बरा फोटू काढ रं बाबा. फुडं हार घालाय लागंल."

नातवानं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. गोल फिरलं, थांबलं. नातू वाचायला कचरला, म्हणून मी वाचलं: 'आपले कोणतेही फोटो सापडले नाहीत.'

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हंजे? मी लग्नाला आलेच न्हाई व्हय?"

सगळे हसले. आत्याही हसली, पण बर्फीचा पुडा सोडता सोडता तिचे हात थांबले होते.

मला ते वाक्य ओळखीचं वाटत होतं. कारण ते माझंच होतं. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो यंत्रावर बोट टेकवूनही देता येतो. गेल्या नोव्हेंबरात एक निवृत्त शिपाई आले. आयुष्यभर ओझी वाहून बोटांच्या रेषा झिजलेल्या. चारदा अंगठा टेकवला, चारदा यंत्रानं नाकारला. मी म्हणालो, "सिस्टीम घेत नाही. उद्या या." त्यांनी एकदा यंत्राकडं बघितलं, एकदा आपल्या अंगठ्याकडं बघितलं आणि अंगठा धोतराला पुसून गेले. कागदी दाखल्याचा फॉर्म माझ्याच खणात होता. तो मी दुसऱ्या दिवशी भरून घेतला. पण त्यासाठी त्यांना एसटीनं पुन्हा यावं लागलं. समोर बसून माझ्याशी बोलणारा माणूस हयात आहे की नाही, हे ठरवायला मला एक रात्र लागली.

संध्याकाळी मी स्टुडिओत गेलो. धाकट्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, चार हजारांवर फोटो निघतात. ते बघत कोण बसणार? डोळे मिटलेले, हललेले, एकसारखे असे सगळे यंत्रच बाजूला काढतं. उरलेल्यांतच चेहरा शोधतं."

"आणि बाजूला काढलेले?"

"पंचेचाळीस दिवसांनी आपोआप पुसले जातात."

मी बोटांवर मोजलं. चाळिसावा दिवस होता.

तेवढ्यात थोरल्यांनी पेपर खाली ठेवला. "कुरुंदवाडच्या आत्या ना? त्यांचं डोळं मिटतात." त्यांनी कपाटातनं जुनी लांब वही काढली आणि माझ्या भावाच्या लग्नाचं पान उघडलं. आमच्या नावासमोर बाकीची रक्कम लिहिलेली नव्हती. शाईनं एवढंच लिहिलं होतं: 'आत्या डोळे मिटतात. आधी हाक मारणे.'

मग आम्ही तिघं रात्री साडेदहापर्यंत टाकाऊ फोटोंत आत्याला शोधत बसलो. एकोणीस फोटो सापडले. अठरांत डोळे मिटलेले. एकोणिसाव्यात मागून कुणीतरी तिला हाक मारली असावी. ती मान वळवून हसतेय, डोळे टक्क उघडे, आणि चेहरा जरासा हललेला. हललेला म्हणून यंत्रानं तोही टाकला होता. दुसऱ्या दिवशी आत्यानं एकोणीसच्या एकोणीस बघितले आणि त्याच्यावरच बोट ठेवलं. "ही मी हाय," म्हणाली.

समीक्षेला निष्कर्ष लागतो, म्हणून लिहितो. नेमाचं काम यंत्राला द्यावं: तारखा, पावत्या, तगादे. यात ते थोरल्यांपेक्षा शंभर पटीनं सरस आहे आणि थोरले स्वतःही ते मान्य करतात. पण कोण लग्नाला आलं होतं आणि कोण नव्हतं, हे ठरवायचं काम त्याला देऊ नये. निदान त्यानं टाकलेलं माणसानं एकदा बघावं. रोलच्या काळात बघणं आधी व्हायचं, बटण मागून. आता बटण आधी, आणि बघणं यंत्राच्या गळ्यात घालून आपण मोकळे. दोष यंत्राचा नाही. यंत्रानं डोळे मिटलेली माणसं वगळली. आम्ही डोळे मिटून ती वगळू दिली.

धाकटे गुणी आहेत. त्यांना ते पटलं. त्या रात्रीच त्यांनी वहीतली नोंद आपल्या यंत्रात चढवायला घेतली. "'विशेष सूचना' असा रकाना आहे की, काका. कधी वापरलाच नव्हता," म्हणाले, आणि उभ्या उभ्या टाइप केलं. घाईत रकाना चुकला, हे परवा कळलं.

कारण परवा रात्री मला अभिप्राय मागणारा तो संदेश आला, तेव्हाच कुरुंदवाडला आत्याच्या नातवाच्या मोबाईलवरही आला. नातवानं सकाळी फोन करून वाचून दाखवला: 'प्रिय आत्या डोळे मिटतात आधी हाक मारणे, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'

मी म्हटलं, "आत्याला सांगू नकोस रे."

"सांगितलं की. किती तारे दाबू म्हणून विचारलं."

"मग?"

"आजी म्हणाली, आवंदा नावानं हाक तर मारली का न्हाई? मग दाब पाचीच्या पाची."