डॉ. भालचंद्र दीक्षित : पदांची यादी आणि हरवलेला प्रश्न

शास्त्रज्ञांविषयीच्या मराठी चरित्रलेखांचा एक ठराविक साचा आहे : जन्म, शिक्षण, परदेशगमन, पदे, सन्मान, मृत्यू. शरीरक्रियाविज्ञानाचे आरंभीच्या पिढीतील भारतीय अध्यापक व संशोधक डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित (१९०२–१९७७) यांचे चरित्रही याच साच्यात बसविले जाते. एडिंबरो येथील संशोधन, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपद, १९५६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालकपद. यात खोटे काही नाही; परंतु अशा लेखांतील क्रियापदे पाहावीत. चरित्रनायक ‘नियुक्त होतो’, पद ‘भूषवितो’, ‘गौरविला जातो’. तो काही टोचीत नाही, मोजीत नाही, शोधीत नाही.

वस्तुतः दीक्षितांचा प्रश्न मोठा होता. मज्जातंतूचा संदेश रासायनिक द्रव्याच्या द्वारे हृदयापर्यंत पोचतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखविले होते. तेच द्रव्य, म्हणजे ॲसिटिलकोलीन, मेंदूतही कार्य करते काय? दीक्षितांनी मेंदूत त्याचा शोध घेतला. मांजराच्या मेंदूतील पोकळीत ते टोचले असता प्राणी झोपेसारख्या अवस्थेत गेला. १९३४ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त त्यांनी हा परिणाम ‘निद्राकेंद्रा’शी जोडला. लोवी व डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते त्यानंतर, १९३६ मध्ये.

येथे भाषाभ्यासकाला थांबावेसे वाटते. ‘झोपेसारखी’ म्हणजे झोपच काय? मराठीत झोप लागते, गुंगी येते, ग्लानीत माणूस पडून राहतो. बाहेरून तिन्ही सारख्या दिसल्या तरी भाषा त्यांत भेद करते. पुढील संशोधनानेही तसाच भेद केला. ॲसिटिलकोलीनचा संबंध जागृतीशी आणि स्वप्नयुक्त निद्रेशी असल्याचे दिसून आले. म्हणजे दीक्षितांचा अन्वयार्थ जसाच्या तसा टिकला नाही. हे द्रव्य मेंदूतही कार्य करते, हे मात्र टिकले. या दोन्ही गोष्टी सांगणे हेच शास्त्रज्ञाचे चरित्र होय. एक वगळली तर स्तुतिपाठ उरतो, दोन्ही वगळल्या तर सेवापुस्तिका.

हा केवळ शैलीचा मुद्दा नव्हे. सांगली जिल्ह्यात मिरजेस १९६२ मध्ये व सातारा जिल्ह्यात कराडास १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालये निघाली. तेथील विद्यार्थी शास्त्र इंग्रजीतून वाचतो आणि रुग्णाची तक्रार मराठीतून ऐकतो. ‘झोप नव्हे हो, नुसती गुंगी येते’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा तो दीक्षितांच्याच प्रश्नापाशी उभा असतो. ते विद्यार्थ्याला कळावे, इतके तरी आपल्या चरित्रलेखांनी साधावे. दिल्लीतील त्या संस्थेच्या ग्रंथालयास दीक्षितांचे नाव आहे. त्यांच्या प्रश्नाला मराठीत जागा देणे आपले काम आहे.